पोस्टरवरचं मोठं नाव

बबीन्याच्या छावणीतल्या लढतीत मला ठेकेदाराने फसवलं. हे आधीच लिहितो, कारण झाशीत गोष्ट उलटी सांगतात: हरला आणि आता बहाणे करतो.

लोको शेडमधलं कोळसा ओढण्याचं काम सोडून मी तेव्हा नुसत्या बॉक्सिंगवर पोट भरत होतो. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलात लागोपाठ अकरा लढती जिंकलो होतो. दतिया गेटपासून स्टेशनपर्यंत टांगेवाले मला ‘पहलवानजी’ म्हणत. त्या महिन्यात उजवा अंगठा सुजला होता, मूठ वळत नव्हती. लढती भरवणारा ठेकेदार घरी आला. म्हणाला, बबीन्याला पलटणीच्या बॉक्सरशी तीन फेऱ्या, नुसती नुमाइश. हार नाही, जीत नाही. घंटेआधी आपण स्वतः तसं सगळ्यांना सांगू, असा शब्द त्याने दिला.

मी एवढ्यावर मानणारा नव्हतो. तासभर घासाघीस केली आणि पोस्टरवर माझं नाव पलटणीच्या बॉक्सरएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला लावलं. फार मोठा सौदा जिंकलो असं वाटलं. नुमाइशीची गोष्ट तोंडीच राहिली.

घंटेआधी ठेकेदार काही बोललाच नाही. मी डाव्या हाताने खेळत होतो, समोरचा खरंच मारत होता. दुसऱ्या फेरीत पडलो. पंचाने दहा मोजले आणि समोरच्याचा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर ठेकेदाराची कॉलर धरली. “सांगितलं का नाहीस?”

“भैया, नाम बड़ा किसने माँगा था?” तो शांतपणे म्हणाला. “इतना बड़ा नाम पढ़के लोग नुमाइश देखने आते हैं क्या?”

हमाल हसले. मी कॉलर सोडली. सोडायला नको होती.

एक हार एवढं करते हे मला माहीत नव्हतं. सरावाला जोडीदार मिळेना. ज्यांना मी पाडलं होतं ते सांगू लागले, “त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं,” “माझा खांदा दुखत होता.” अकराच्या अकरा लढती माझ्याकडून एकेक करून परत घेतल्या गेल्या. कानपूर-आग्र्याहून बोलावणी येत, ती नवख्यांचं नाव व्हावं म्हणून. मी जात असे. डब्यात सुजलेलं तोंड खिडकीकडे करून परत येत असे. आई विचारायची, “लागलं का रे फार?” घरात तेवढंच मराठी बोलणं व्हायचं. इन्स्टिट्यूटच्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायची.

अंगठा बरा झाल्यावर पलटणीच्या त्याच बॉक्सरशी पुन्हा लढत लावा म्हणून तीनदा ठेकेदाराकडे गेलो. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: “हारे हुए को देखने कौन आएगा?”

तो आता एरचला भावाकडे राहतो, असं ऐकतो. म्हातारा झालाय. मीही झालोय, लढत मागत नाही. त्याने एकदा इन्स्टिट्यूटच्या हॉलात यावं आणि चार माणसांसमोर सांगावं: घंटेआधी तो गप्प का राहिला?