ग्रुपवर लागलेली आग

बंबाचा सायरन ऐकू आला तेव्हा मी शेड चारमध्ये होते. भुईनळ्यांच्या खोक्यांवर लेबलं सरळ लागली आहेत का, ते बघत होते. शेडमधल्या बायकांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग सगळ्यांनी हातातलं काम जिथल्या तिथं ठेवलं आणि आम्ही चालत बाहेर पडलो.

पळायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तेरखेड्याजवळच्या माळावर आमचा फटाक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक मोठी इमारत नव्हे. छोट्या छोट्या शेड, एकमेकींपासून लांब, मध्ये मोकळं रान. एकीत काही झालं तर दुसरीपर्यंत पोचू नये, म्हणून अशी रचना. आत तयार होते ती शोभेची दारू. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी ‘दारूच्या कारखान्यात मॅनेजर आहे’ म्हटलं, की पुढचा खुलासा करेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो.

गेटवर मी एक यादी लावली आहे. काडेपेटी, बिडी, नायलॉनची साडी, मोबाइल: आत नाही. नायलॉन अंगाला घासलं तरी बारीक ठिणगी पडू शकते. मोबाइलवरही आमचा भरवसा नाही. त्यामुळं मालक सोडले तर सगळ्यांचे फोन, माझासुद्धा, गेटवरच्या पत्र्याच्या पेटीत जातात. पेटीला कुलूप. किल्ली फोरमनकडं. जेवणाच्या सुट्टीत पेटी उघडते, सुट्टी संपली की बंद होते.

फोरमन म्हणजे आतलं सगळं काम ज्याच्या नजरेखाली चालतं तो माणूस. आमचे फोरमन लहूमामा. आम्ही लिंबाखाली पोचलो तेव्हा ते डोकी मोजत होते. काही झालं तर सगळ्यांनी त्या कडुलिंबाखाली जमायचं, असं ठरलेलं आहे.

“सगळे हायेत,” मामा म्हणाले. “धूर कुठंच न्हाय. बंब दुसऱ्या कुणाकडं चाललाय.”

बंब आमच्याच गेटसमोर येऊन थांबला.

“कुठं लागलीय?” वरून उडी मारत बंबावरच्या साहेबांनी विचारलं.

“इथं नाही लागली,” मी म्हणाले.

“मॅडम, वर्दी इथलीच आहे. शेड चार.” वर्दी म्हणजे आग लागल्याची खबर.

“शेड चारमधूनच मी आत्ता आले. वर्दी कुणी दिली?”

“तुमच्याच मालकांनी.”

तेवढ्यात गावाकडून माणसं येताना दिसली. मोटारसायकलवर, पायी, बांधावरून. बंब आमच्या वाटेला वळलेला सगळ्यांनी पाहिला होता. सगळ्यांत पुढं एक म्हातारी, अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला. ती पॅकिंगमधल्या कोमलची सासू, शांताबाई. गेटमधून कोमल दिसली तशी ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, आणि तिथूनच तिनं सुनेला एक कचकचीत शिवी दिली. शिवी ऐकून मला बरं वाटलं. अवसान शिल्लक होतं.

गेटवरचे वॉचमन बाशाभाई माझ्याजवळ आले. “मॅडम, डब्बा बहुत देर से नाचतोय. मी म्हणलं, कुणाचं तरी लगीन जमलं असंल.”

“मग सांगायचं नाही का?”

“कुलूप तुमचं, किल्ली मामांची. मी काय सांगू?”

मामांनी पेटी उघडली. माझ्या फोनवर मालकांचे इतके मिस्ड कॉल होते की खाली सरकवताना बोट दुखलं. सगळ्यांच्या फोनवर तेच. मग मी कारखान्याचा ग्रुप उघडला.

जेवणाच्या सुट्टीत, फोन पेटीत टाकायच्या आधी, एक रिकामं खोकं गेटवर मागवून मी नव्या पॅकिंगचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘शेड चार’. त्याखाली कोमलचं उत्तर होतं. शब्द एकही नाही. तीन ज्वाळा आणि एक स्फोट.

इथं कोमलबद्दल सांगायला हवं. पॅकिंगमध्ये तिच्याइतका स्वच्छ हात कुणाचा नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातून एखाद्या वेळी घरी. कारखान्यात यायला तिनं सासूशी दिवसचे दिवस वाद घातला होता. सासूचं म्हणणं, ही बाई हातात फोन असला की भाकरी तव्यावर विसरते, ही दारूत काय काम करणार? कोमलनं ते खोटं करून दाखवलं होतं. पुढच्या महिन्यापासून लेबलांचं कॉम्प्युटरचं काम तिला शिकवायचं, असं मी ठरवलं होतं आणि तिला सांगूनही टाकलं होतं.

पण तिला ही चित्रं लई आवडायची. कुणी सुट्टी मागितली तरी ती नाचणारी बाई टाकणार. लहूमामांना त्याचा तिटकारा. ते चित्रांना ‘बाहुल्या’ म्हणतात. देवानं तोंड दिलंय, बाहुल्या कशाला, हा त्यांचा सवाल. एकदा मामांनी म्हैस व्याल्याचं ग्रुपवर लिहिलं. कोमलनं खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला. दुसऱ्या दिवशी मामा सकाळीच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “वासरू चांगलं हाय. तू रडायलीस कशाला?” तेव्हापासून दोघांचं जमत नव्हतं. मला या चित्रांचं प्रेम नाही आणि रागही नाही. अंगठा दिसला की समोरच्यानं वाचलं, एवढं कळतं. मला तेवढं पुरतं.

मालकांची गाडी आली. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. वय झालेलं, आवाज बारीक, रोज सकाळी ग्रुपवर गुलाब आणि उगवता सूर्य पाठवणारा माणूस. गाडीतून उतरले आणि उतरल्या जागी पायरीवर बसले. मी पाणी दिलं.

“येडशीच्या घाटात होतो,” अप्पा म्हणाले. “रेंज येत-जात होती. फोटो उघडेना. नुसतं दिसलं, शेड चार. खाली आग, आग, आग. आणि स्फोट. फोन लावला तर कुणी उचलेना. एकसुद्धा माणूस उचलेना, मॅडम!”

मी म्हणाले, “अप्पा, फोन पेटीत होते. नियमच आहे आपला.”

“कोण ती कोमल?”

कोमल पुढं आली. “मी, अप्पा.”

“हे काय पाठवलंस?”

“चांगलं म्हणून पाठवलं, अप्पा.”

“आग चांगली?”

“तसं न्हाय. पॅकिंग लई भारी झालंय, असं. कुणी नवी साडी नेसली, कुणी चांगला फोटो काढला की आमी पोरीपोरी आगच टाकतो. आग म्हणजे एक नंबर.”

“फटाक्याच्या कारखान्यात, शेडच्या नावाखाली, आग म्हणजे एक नंबर!” अप्पांचा बारीक आवाज फाटला. “मॅडम, हिला उद्यापासून बोलवू नका.”

कोमलनं सासूकडं बघितलं आणि मान खाली घातली. सासूचं म्हणणं आज गावादेखत खरं ठरत होतं.

मालकाशी भांडताना मी आधी मुद्दे मनात लावून घेते. त्या दिवशी दोनच मुद्दे सापडले. मी म्हणाले, “अप्पा, गेल्या दिवाळीला आपण दुकानदारांना फोनवर जाहिरात पाठवली. तीत काय होतं?”

“काय होतं?”

“आग, स्फोट, आग. तुम्हीच निवडली होतीत.”

“ती गिऱ्हाइकाला. गिऱ्हाइकाला आग विकायची असते. आपल्याला ती लागू द्यायची नसते.”

मी दुसरा मुद्दा काढला. “असं टाकू नये, हे तिला आपण कुठं सांगितलं होतं? गेटवरच्या यादीत नाही.”

“यादीत? मॅडम, हे यादीत लिहायचं असतं?”

“आमी तर कवापास्नं सांगतोय,” लहूमामा म्हणाले, “बाहुल्या बंद करा.”

आता कोमलची बाजू घेणारं कुणीच उरलं नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात शांताबाई गेटच्या आत आल्या. पायाला काटे मोडले होते. एक काढत एका पायावर उभ्या राहूनच त्या बोलल्या.

“अप्पा, तिला काढायचं तर काढा. तिला काय बोलायचं ते घरी मी बोलते, त्यात तुमी पडू नका. पण मला एक सांगा. आग खरी असती, तर आमाला कवा कळलं असतं?”

अप्पांनी वर बघितलं.

“बंब दिसला म्हणून आमी पळत सुटलो. पळता पळता हिला फोन लावत होते. रिंग जायची, उचलायची न्हाय. पुन्हा लावायचा, पुन्हा तेच. निम्म्या वाटंत मला वाटलं, आता कशाला पळायचं. जे व्हायचं ते झालं असंल.”

“मीही तिलाच लावत होतो,” अप्पा म्हणाले. “त्या आगीच्या वर तिचंच नाव होतं ना.”

“मग तुमाला कळंल.”

घाटातून येणारा मालक आणि बांधावरून येणारी म्हातारी, दोघं एकाच फोनची रिंग ऐकत होते. आणि तो फोन पेटीत नाचत होता.

बंबावरच्या साहेबांनी घसा खाकरला. त्यांना जायचं होतं. “अप्पा, वर्दी खोटी निघाली असं मला लिहावं लागेल. पण आलोच आहे तर सांगतो. तुमची मालाची गाडी वाटेत आडवी लावलेली होती. ती मागं घेईपर्यंत आम्ही बाहेरच थांबलो. खरी आग थांबली नसती.”

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि मला म्हणाले, “मॅडम, काय काय करायचं ते सांगा.”

हे वाक्य मला फार आवडतं. मी सांगितलं. गाडी वाटेत लागणार नाही. बाशाभाईंच्या खोलीत जुन्या पद्धतीचा तारेचा फोन बसवायचा, आणि तो नंबर प्रत्येकाच्या घरी भिंतीवर लिहायचा. मोबाइल पेटीतच राहणार, त्यात बदल नाही. प्रत्येक घरातलं एक माणूस ग्रुपवर घ्यायचं. सुट्टी झाली की आणि काम संपलं की, डोकी मोजून फोरमननं ग्रुपवर कळवायचं, सगळे बाहेर आले.

“आणि कोमल?” मी विचारलं.

अप्पांनी कोमलकडं बघितलं. “राहू दे. पण ग्रुपवर आग नको.”

“एक पण न्हाय टाकणार, अप्पा.”

“साडी कितीही चांगली असली तरी.”

“व्हय, अप्पा.”

शांताबाईंनी दुसऱ्या पायातला काटा काढला. “चपला घेऊन ये माझ्या,” त्या सुनेला म्हणाल्या. “बांधावर कुठंतरी पडल्यात.” कोमल गेटपर्यंत चालत गेली आणि तिथून पळत सुटली. गेटच्या बाहेर होती, म्हणून मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटलं. लहूमामांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि एका बोटानं टाइप करायला घेतलं. फोन स्वतःच शब्द सुचवतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ग्रुपवर मजकूर आला, ‘सगळे बहिरे’. घरोघरून विचारणा सुरू झाली. तारेचा फोन अजून बसायचा होता, म्हणून पेटीतून बाहेर आलेले सगळे मोबाइल एकदम वाजले.

कोमल मामांजवळ जाऊन उभी राहिली. “मामा, एक सांगू? रागवू नका.”

“बाहुली सांगणार असशील तर सांगू नकोस.”

“बाहुली न्हाय. झाड हाय.” तिनं त्यांच्या फोनवर हिरवं झाड काढून दाखवलं. “सगळे लिंबाखाली आलेत, असं.”

मामांनी फोन जवळ घेतला, लांब नेला. “हे लिंबाचंच हाय का?”

“तुमी लिंबाचं समजा.”

मामांनी बराच विचार केला. मग बोट ठेवलं. झाड गेलं.

आता रोज पाचच्या सुमाराला ते झाड घरोघरी पोचतं. शांताबाईंना वाचता येत नाही. त्यांच्याकडं धाकट्या मुलाचा जुना फोन आहे, आणि कुणाला फोन लावायचा तर त्या नावाशेजारच्या फोटोवर बोट ठेवतात. ‘सगळे बाहेर’ हे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं असतं. झाड त्यांना कळतं. झाड दिसलं की त्या चहाचं आधण ठेवतात, असं कोमल सांगते. एकदा डोकी मोजण्यात उशीर झाला आणि झाड वेळेवर गेलं नाही. तारेचा फोन वाजला. बाशाभाईंनी उचलला, ऐकलं आणि ओरडले, “मामा, शांताबाई विचारतायत, झाड कुठाय?”

अप्पांनीही त्यातून धडा घेतला. या दिवाळीच्या जाहिरातीत आग आणि स्फोट नको म्हणाले. स्वतः निवडून फुलांचे गुच्छ टाकले, आणि खाली हात जोडले. सकाळपासून दुकानदारांचे फोन सुरू. मालाची ऑर्डर कुणी देईना. सगळे हळू आवाजात विचारत होते, “कोण गेलं?”

तेव्हापासून मी एक गोष्ट पाळते. चित्र पाठवायला हरकत नाही, पण पाठवण्याआधी ते कुणाच्या हातात पडणार आहे, तेवढं डोळ्यांसमोर आणते. मजकुराचंही खरं तर तेच आहे. मजकुराला जरा जास्त टाइप करावं लागतं, म्हणून विचार करायला वेळ मिळतो, एवढंच.

गेटवरच्या यादीत मी शेवटची ओळ वाढवली: ‘ग्रुपवर आग नको.’ तिच्या बाजूला कुणीतरी खडूनं एक चेहरा काढला आहे, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला. कुणी काढला ते मी विचारलेलं नाही. लहूमामा रोज पेटीला कुलूप लावताना त्याच्याकडं बघतात.

परवा मला म्हणाले, “मॅडम, यादी चांगली हाय. पण ह्याला एकदा विचारा, हा हसायलाय का रडायलाय.”