अ‍ॅनेक्शरमधला ऑपरेटर

पहिला फोन आला तेव्हा मेल पाठवून तासही झाला नव्हता. नगर रोडवरच्या एका कारखान्याचे एचआर मॅनेजर दाभाडे बोलत होते.

"मॅडम, तुमच्या अ‍ॅनेक्शरमधला तो किडनीवाला ऑपरेटर आमच्याकडचा तर नाही ना?"

"तसं काही सांगता येणार नाही," एवढं बोलून मी फोन ठेवला आणि आपलाच मेल पहिल्यांदा नीट वाचायला घेतला. हे काम पाठवण्याआधी करायचं असतं.

मी पुण्यातल्या लहान कारखानदारांच्या एका संघटनेत धोरणाचं काम बघते. सरकारपुढे मागण्या मांडायच्या, त्यासाठी निवेदनं लिहायची, सभासदांची मनं वळवायची. ऑफिस शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. त्या वर्षी विषय होता ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनी आपल्या सगळ्या कामगारांसाठी मिळून काढते तो आरोग्य विमा. त्याची गंमत अशी की आत शिरताना तपासणी नाही, जुना आजार असला तरी बहुतेक पॉलिसींमध्ये पहिल्या दिवसापासून चालतो. पण नोकरी सुटली की विमाही सुटतो. मग आजारी माणूस स्वतःची पॉलिसी घ्यायला गेला की विमा कंपनी तपासणी मागते आणि बहुधा हात वर करते. आमची मागणी साधी होती : नोकरी गेल्यावरही काही महिने विमा चालू राहावा.

कारखानदारांच्याच संघटनेकडून ही मागणी मान्य करून घेताना माझा घाम निघाला होता. आमचे सेक्रेटरी जोगळेकर सर म्हणाले होते, "अहो, आकडे कोण वाचतंय? एक माणूस दाखवा." म्हणून मी निवेदनाला अ‍ॅनेक्शर, म्हणजे परिशिष्ट जोडलं आणि त्यात एक माणूस दाखवला.

त्याचं नाव इथे वानखेडे समजा. हडपसरच्या एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर, मूळ अकोल्याकडचा, राहायला लोणी काळभोरला. विम्याबद्दल कामगारांना माहिती देण्याचा माझा एक कार्यक्रम होता, तो संपल्यावर सगळे गेले तरी हा थांबून राहिला. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. डॉक्टरांनी वर्षभरात डायलिसिस लागेल असं सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी ट्रस्टच्या हॉस्पिटलात तो नुसता दाखवून येई. अ‍ॅडमिट न होता घेतलेले उपचार त्याच्या पॉलिसीत बसत नसत, त्यामुळे त्याचा कागद कंपनीपर्यंत पोचत नसे. डायलिसिसला मात्र पॉलिसीत सोय होती; नोकरी टिकली तर तो खर्च विम्यातून होणार होता. पण पॉलिसीचं नूतनीकरण तोंडावर होतं. त्याआधी कंपनीला कळलं असतं, तर त्याला ठेकेदाराच्या पटावर, म्हणजे कंपनीच्या विम्याबाहेर, टाकून मोकळे झाले असते. वर्षात क्लेम जास्त झाले की पुढच्या वर्षी कंपनीचा हप्ता वाढतो, म्हणून असे 'महाग' कामगार आधीच बाहेर काढायची चाल काही ठिकाणी आहे.

"कंपनीला समजू देऊ नका, मॅडम," तो म्हणाला होता. मी शब्द दिला होता.

शब्द पाळला म्हणून मी स्वतःवर खूशही होते, कारण अ‍ॅनेक्शरमध्ये नावाच्या जागी फक्त 'क्ष' होतं. बाकी मात्र वय, मूळ जिल्हा, मशीन, पहिली शिफ्ट, दोन मुली, थोरली बारावीला, सगळं मी हौसेनं लिहिलं होतं. वाचणाऱ्याला पाझर फुटावा म्हणून. आणि आमच्या संघटनेचा शिरस्ता असा की सरकारकडे जाणारा प्रत्येक कागद आधी सगळ्या सभासदांकडे फिरतो. सभासद म्हणजे कारखान्यांचे मालक आणि त्यांचे एचआरवाले. मंत्रालयातल्या साहेबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला कागद मी वानखेडेच्या मालकालाच पाठवला होता. अकरा वर्षं मी ही फिरवाफिरव करते आहे. त्या दिवशी हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मेल परत बोलावायची सोय असते, ती वापरली. त्यानं सगळ्यांना 'हा मेल मागे घेण्यात येत आहे' असा निरोप गेला आणि ज्यांनी तो उघडला नव्हता त्यांनीही उघडला.

जोगळेकर सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"गाढवपणा झाला, हे मान्य?"

"मान्य."

"मग पुढचं बोला. फोन करणाऱ्यांना काय सांगणार?"

मी विचार करून ठेवला होता. ज्यांच्याकडे वानखेडे नाही त्यांना 'तुमचा नाही' म्हणून सांगितलं, तर ज्याला तसं सांगता येणार नाही तो ओळखला जाणार. हे लोक एकमेकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात. म्हणून सगळ्यांना एकच उत्तर द्यायचं : सांगता येणार नाही. सरांनी मान डोलावली. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं.

दुपारपर्यंत आणखी दोन फोन आले. एक भोसरीचा, एक चाकणचा. दोघांनाही तो ऑपरेटर आपलाच वाटत होता. आधी मला हायसं वाटलं, मग लक्षात आलं. प्रत्येक कारखान्यात कुणीतरी उठून आपल्या आजारी माणसाचा शोध घेत होतं, आणि तो शोध मी लावून दिला होता.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून मी रिक्षा करून वानखेडेच्या कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघूनच वानखेडेनं गाडी बाजूला घेतली. मी सगळं सांगितलं.

"तुमी नाव तं नाही टाकलं ना?"

"नाही. बाकी सगळं टाकलं."

"मशीन?"

"हो."

"पोरीचं बारावीचं?"

मी मान हलवली. तो बराच वेळ हेल्मेटचा पट्टा काढत-घालत राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"अकोला कायले लिवलं, मॅडम? सातारा लिवलं असतं तं चाललं नसतं का?"

चाललं असतं. मंत्रालयातल्या कुणालाही अकोल्याशी घेणंदेणं नव्हतं.

तो गेला आणि पाचच मिनिटांत, मी रस्त्यावरच असताना, फोन वाजला. त्याच्याच कंपनीचे एचआर हेड, इनामदार.

"मॅडम, स्पष्टच विचारतो. हा आमचा आहे का?"

"सर, आज हे विचारणारे तुम्ही चौथे."

"चौथे?"

"चार वेगवेगळे कारखाने. प्रत्येकाला तो आपलाच वाटतोय."

इनामदार हसले. "म्हणजे घरोघरी तेच आहे म्हणायचं. जाऊ द्या, असं शोधत बसलो तर अर्धा कारखाना रिकामा होईल." त्यांनी फोन ठेवला. मी तिथेच फुटपाथवर बसले.

पुढचा आठवडा मी प्रत्येक फोनला दचकत होते. वानखेडेला कुणी बोलावलं नाही. नूतनीकरण झालं, त्याचं नाव यादीत राहिलं. त्यानं मला 'झालं' एवढाच मेसेज केला. त्या दिवशी घरी मी शिरा केला.

दुसऱ्या दिवशी दाभाड्यांचा फोन आला. पहिला फोन केला होता तेच, नगर रोडवाले.

"मॅडम, थँक यू म्हणायला फोन केला. तुमच्यामुळे वेळेत कळलं."

"काय कळलं?"

"तो आमचाच निघाला. बोलावून विचारलं, तर कबूल झाला की किडनीचा त्रास आहे. एक तारखेपासून ठेकेदाराकडे टाकलाय."

"दाभाडे, तो तुमचा नाही! तुमच्या माणसाला नेमकं काय झालंय?"

"मुतखडा."

"अहो, मुतखडा! तो आठ दिवसांत बरा होतो!"

"मॅडम, आम्ही काय डॉक्टर आहोत? तुम्हीच लिहिलं होतं किडनी. मी विचारलं तेव्हा तुम्ही नाहीही म्हणाला नाहीत."

म्हणाले नव्हते. 'तुमचा नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडाशी होते, आणि वानखेडेला वाचवायला मी ते गिळले होते. आता मी ते फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते. दाभाडे म्हणाले, पेपर झाले, सही झाली. जोगळेकर सरांनी मालकाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की कामगारानं हा बदल स्वखुशीनं स्वीकारला आहे. मी त्या माणसाचा नंबर मिळवला, दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं विचारलं, "आपण कोण बोलताय?" मी फोन बंद केला.

निवेदन अ‍ॅनेक्शर काढून मंत्रालयात गेलं. 'आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर आलं. मागणी अजून तिथेच आहे. नोकरी गेली की विमा जातो, हे पटवायला नगर रोडच्या माणसाइतकं चोख उदाहरण मला मिळणार नाही, आणि ते मी कुठल्याही निवेदनात वापरणार नाही.

धंद्यातला धडा विचाराल तर एवढाच : माणसाचं नाव खोडणं हे सगळ्यात सोपं काम आहे, म्हणून आपण तेवढंच करतो. इथे मी नावंच नाही, तर गाव, रस्ता, मशीन, मुलीची इयत्ता, सगळं बदललं आहे. तरीही हे वाचताना तुमच्या कारखान्यातलं कुणी डोळ्यांसमोर आलं असेल, तर मला फोन करू नका. आत्ताच सांगून ठेवते : तो तुमचा नाही.