दहापैकी किती, शेजारी किती

प्रश्न विचारायचं वेड तिला आधीपासूनच होतं, नोकरी नंतर लागली. कुठल्याही रांगेत उभी राहिली, की खिडकीपर्यंत पोचायच्या आत पुढच्या माणसाचं कसलं ऑपरेशन झालंय आणि मागच्या मुलीचा पेपर कसा गेला हे तिला कळलेलं असे. लेक वैतागायची. "आई, तुझ्याबरोबर बाहेर पडलं की अनोळखी माणसांची दुखणी मला तोंडपाठ होतात."

म्हणूनच एका सर्वेक्षण संस्थेला घरोघरी जाऊन प्रश्न विचारणारी माणसं हवी आहेत, ही जाहिरात लेकीनंच तिला वाचून दाखवली. "नाहीतरी विचारतेसच. निदान गळ्यात ओळखपत्र घालून विचार."

लग्नानंतर वीसेक वर्षं घर एके घर केलेली बाई चाळिशी उलटल्यावर कामावर निघाली. पहिल्या दिवशी तिनं घरी चार वेळा फोन केला. गॅस बंद आहे ना, लेक जेवली ना, बाल्कनीचं दार लावलंय ना, आणि चौथ्यांदा काय विचारायचं होतं तेच विसरली. पण पहिल्या दारावरची बेल वाजवली आणि आतून "कोण?" असं आलं, तेव्हा घरची सगळी काळजी तिनं पायरीवर चपलांसारखी काढून ठेवली. दोन महिन्यांत सगळं ऑफिस तिला चौकशीकाकू म्हणू लागलं. तिला ते फार आवडलं.

या खेपेचं सर्वेक्षण साधं होतं. शहरातल्या निवडक गल्ल्यांतल्या माणसांना मुख्य दोन प्रश्न विचारायचे. आपल्या इमारतीतल्या किती शेजाऱ्यांना तुम्ही नावानं ओळखता? आणि आपल्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? उत्तरं टॅबवर भरायची. पुढे ऑफिसात मॅडम ती सगळी एकमेकांशी ताडून बघणार होत्या. ज्यांच्या ओळखी जास्त त्यांचे गुणही जास्त असतात का, म्हणजे या दोन गोष्टी हातात हात घालून चालतात का, एवढंच पाहायचं होतं. मॅडम वयानं काकूंपेक्षा लहान, पण कामाला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, "आपण फोटो काढतोय. माणसांना हसा म्हणायचं नाही, केस नीट करा म्हणायचं नाही. आहेत तशी टिपायची."

काकूंनी मान डोलावली होती. मान त्यांची चटकन डोलते.

त्यांच्या वाट्याला जुन्या छापखान्यामागची गल्ली आली. चार-चार मजल्यांच्या इमारती, लिफ्ट नाही, जिन्यात एक दिवा लागला तर दुसरा रुसलेला. दारं मात्र सगळी घट्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे घड्याळजी राहत होते. नजर अधू झाली तसं दुकान सुटलं, आता स्वतःशीच बुद्धिबळ खेळत बसायचे. काकू आत गेल्या तेव्हा त्यांनी पटावरून डोकं वर न काढता विचारलं, "किती वेळ लागेल?"

"तुम्ही बोलाल तेवढा."

"मग लवकर होईल."

तास झाला. मध्ये चहा झाला, सुनेची तक्रार झाली, गुडघे झाले. "कोण जिंकतंय?" काकूंनी पटाकडे बघत विचारलं.

"मीच. आणि मीच हरतोय. कंटाळा आलाय दोघांनाही."

काकूंना राहवलं नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांच्या कपाटावर बुद्धिबळाचा डबा धूळ खात पडलेला त्यांनी सकाळीच पाहिला होता. "आलेच हं," म्हणत त्या खाली गेल्या आणि नर्सबाईंना वर घेऊनच आल्या. पहिला डाव घड्याळजी हरले आणि जन्मात कधी नव्हे इतके खूश झाले. तेव्हा कुठे काकूंना प्रश्न आठवले.

"आता सांगा, दहापैकी किती?"

"साडेआठ. दीड गुडघ्यांचा कापला."

"आणि शेजारी किती ओळखता?"

घड्याळजींनी नर्सबाईंकडे पाहिलं. "या धरायच्या ना?"

"धरा की," काकू म्हणाल्या.

पुढे हेच होत गेलं. कुणाला शिवणाचं मशीन बिघडलं म्हणून दुरुस्त करणारा हवा, तो समोरच्याच दारात सापडे. कुणाचं बाळ रात्रभर रडे, तर वरच्या आजी सांभाळायला तयार. काकू जोड्या लावत गेल्या आणि मग शांतपणे टॅब उघडून उत्तरं भरत गेल्या. घरी जेवताना गल्लीतली एकेक हकिगत सांगत, आणि लेक ताटातलं विसरून ऐकत बसे. एवढं सुखाचं काम जगात असतं हेच काकूंना ठाऊक नव्हतं.

मग मॅडमनी बोलावलं.

पडद्यावर आलेख होता. सगळ्या शहराचे ठिपके खालच्या बाजूला, सांडलेल्या मोहरीसारखे. आणि वर उजव्या कोपऱ्यात, वेगळाच, एक दाट पुंजका.

"ही तुमची गल्ली, काकू. सगळ्यांचे शेजारी भरपूर आणि सगळे दहापैकी आठ-नऊ. असं कुठे असतं का?"

"चांगली माणसं आहेत हो मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "स्पष्ट विचारते, राग मानू नका. तुम्ही घरी बसून उत्तरं भरलीत का?"

काकूंनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. नियम त्यांना माहीत होता. गल्लीतल्या काही घरांत दुसरा माणूस पुन्हा विचारून येणार. उत्तरं बनावट निघाली, तर नाव कायमचं कमी. ओळखपत्र परत.

"उद्या हे जातील," मॅडमनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. तिथे घुम्या बसला होता. त्याला खरं नाव होतं, पण दिवसाला सातआठ वाक्यांपलीकडे तो खर्च करत नसे, म्हणून हे पडलेलं. प्रश्न विचारतानाही त्याचा चेहरा बंद दुकानासारखा. "तुम्ही हवं तर जिन्यात थांबा. पण एक शब्द बोलायचा नाही."

रात्री जेवताना काकूंनी एकही हकिगत सांगितली नाही. लेकीनं खोदून खोदून सगळं काढून घेतलं. ती संख्याशास्त्र शिकत होती, त्यामुळे तिला यात दुःखापेक्षा रसच जास्त वाटला.

"आई, तू मला दिवसातून किती फोन करतेस?"

"लागतील तेवढे."

"मला उशीर होतो त्या दिवशी जास्त करतेस. बरोबर? आता कुणी नुसते आकडे मांडले, तर दिसेल की जितके तुझे फोन जास्त, तितका माझा उशीर जास्त. मग तुझ्या फोनमुळे मला उशीर होतो असं म्हणायचं का?"

"माझ्या फोनमुळे? मी कशाला उशीर करवीन?"

"तेच. किंवा उशीर होतो म्हणून तू फोन करतेस. किंवा तिसरंच काहीतरी असतं."

"तिसरं काय?"

"पाऊस. पावसात बस अडकते म्हणून मला उशीर, आणि पाऊस बघून तुझा जीव खालीवर. दोन्हीच्या मागे एकच. सोबत चालतात म्हणजे एकानं दुसऱ्याला हाताला धरून आणलंय असं नसतं."

काकूंनी भाताची ढेकळं मोडत विचार केला. "पण मी खोटं भरलेलं नाही ना. मग भ्यायचं कशाला?"

"मुळीच नको भिऊस," लेक म्हणाली. तेवढ्यानं काकूंना झोप लागली असती तर त्या काकू कसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात पायरीवर बसल्या. दार अर्धं उघडं होतं. घुम्याचा सपाट आवाज येत होता.

"आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल?"

"तुमची तब्येत बरी आहे ना?" घड्याळजी विचारत होते. "नाही, चेहरा असा का? मागच्या वेळच्या बाई कुठे गेल्या?"

"दहापैकी किती?"

"साडेआठ म्हटलं होतं. नऊ करा. गुडघा बरा आहे."

जिन्यात काकूंच्या जिवात जीव आला. उत्तरं खरी होती. आज दुसऱ्यानं प्रश्न विचारले तरी खरीच निघाली. त्यांनी ओळखपत्र छातीशी घट्ट धरलं.

"शेजारी किती ओळखता?"

"आता सहा. या नर्सबाई, त्यांच्यामुळे ते मशीनवाले, असे करत करत सहा. त्या बाई यायच्या आधी विचारलं असतंत तर?" घड्याळजी खळखळून हसले. "शून्य, साहेब. चक्क शून्य. या इमारतीत मी फक्त पोस्टमनला ओळखत होतो, आणि तो काही इथे राहत नाही."

काकूंचे हात सैल पडले. फोटो काढायला पाठवलं होतं, आणि आपण सगळ्यांचे केस विंचरून दिले. पावसाची गोष्ट लेकीनं काल सांगितली होती. या गल्लीतला पाऊस आपणच.

त्या थेट ऑफिसात गेल्या. घुम्या पोचायच्या आत त्यांनी मॅडमना सगळं सांगून टाकलं, बुद्धिबळ, मशीन, बाळ, सगळं. मॅडम ऐकत राहिल्या. मधेच त्यांच्या ओठांवर हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"काकू, तुम्ही खोटं काही लिहिलं नाहीत, हे खरं. पण ही गल्ली मला बाजूला काढावी लागणार. ही माणसं ओळखी झाल्या म्हणून खूश, की तुम्ही तासभर बोलत बसलात म्हणून खूश, मला आता कोण सांगणार?"

"मलाही तेच कळत नाहीये."

"कळणारही नाही. शून्य होतं तेव्हा शून्य लिहायचं होतंत. ते शून्य गेलं, आता कुणालाच परत मिळणार नाही."

काकूंनी ओळखपत्राची दोरी मानेवरून काढायला हात वर नेला. "मग हे…"

"ते राहू द्या." मॅडमनी दुसरा नकाशा उघडला. "ही रेल्वेपुलाजवळची गल्ली. आमच्या तीन माणसांना तिथे कुणी दारच उघडलं नाही. आणि जे दार उघडत नाहीत तेच सुटले, तर मोजणी लंगडी होते. तुम्ही जायचं आणि दार उघडवायचं. प्रश्न हे विचारतील." घुम्या तेवढ्यात आत आला होता. "ते विचारत असताना तुमचं तोंड बंद. जमेल?"

"प्रयत्न करीन."

"जमेल का विचारलं."

"जमेल," काकू म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी वाक्य एका शब्दात संपवलं.

पुलाजवळच्या गल्लीत पहिलं दार एका तिरसट स्वभावाच्या बाईंचं होतं. आधी त्यांनी आतूनच "नको" म्हटलं. काकूंनी दाराशी असलेल्या कुंडीची चौकशी केली, तिची पानं पिवळी का पडताहेत हे सांगितलं, आणि साखळी निघाली. घुम्या टॅब घेऊन स्टुलावर बसला. काकू त्याच्यामागे, ओठ मिटून, पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत.

"शेजारी किती ओळखता?"

"एकही नाही. कोण कुणाला विचारतं?"

काकूंच्या जिभेवर आलं. आत्ताच तळमजल्यावर एक आजोबा भेटले होते, कुंड्यांचे वेडे, कुणाशी बोलावं म्हणून जिन्यात बसलेले. त्यांनी जीभ दातांखाली धरली. नाक लाल झालं. घुम्यानं सावकाश शून्य भरलं. मग गुण विचारले. बाई म्हणाल्या, "चार. लिहा चार." त्यानं चार लिहिले. मग पुढचे सगळे प्रश्न, एकही न गाळता, त्याच सपाट आवाजात. काकूंना वाटलं हे सर्वेक्षण आता आपल्या जिवावर उठणार.

शेवटी घुम्यानं टॅब बंद केला, पिशवीत घातला, पिशवीची चेन लावली. मग काकूंकडे वळून, दिवसभराच्या शिलकीतलं एक वाक्य खर्च केलं.

"मोजून झालं, काकू. आता बोला."