करार विमानतळापर्यंतचा

ती घटना आठवली की आजही माझा आवाज चढतो. नोकरीत तो फारसा कधी चढला नाही, म्हणून घरचे दचकतात.

पाथर्डी तालुक्यातील एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. वरिष्ठ कार्यालयाकडून राष्ट्रीयत्व पडताळणीचे एक प्रकरण आले. युरोपातील एका देशाने आमच्या हद्दीतील तरुणाचा आश्रयाचा अर्ज फेटाळला होता. दोन सरकारांच्या करारानुसार त्याला परत पाठवायचे होते. पण तो इथलाच आहे याची खात्री आम्ही करायची आणि तोपर्यंत तो तिथल्या कोठडीत. आमच्याच ठाण्यात आपल्याला मारहाण झाली, असे त्याने अर्जात म्हटले होते. आमच्या नोंदींत त्याचे नाव कुठेच नव्हते.

बीट हवालदार भडकले. "आपल्यावर आळ घेतोय, साहेब. 'ओळख पटत नाही' असं लिहा, अन् सडू द्या तिकडंच."

मला तो मोह झाला. तरीही गावात जाऊन यावे असे ठरवले.

गाव ऊसतोडीला जाणारे, निम्म्या घरांना कुलपे. फोटोतला चेहरा दाढीने आणि आजारपणाने पार बदललेला. जो भेटला त्याने फोटो पाहून पहिला प्रश्न एकच केला, "कुणाचा हाय?" अनोळखी चेहरा दिसला की या भागात सगळे हेच विचारतात. दिलेल्या पत्त्यावरच्या बाईंनी मात्र विचारले नाही. फोटोकडे धड न पाहताच त्या म्हणाल्या, "आमचा न्हाई."

तुमचा आहे, असे मी म्हटलेच नव्हते.

परतताना एक शेजारी जीपजवळ येऊन हळूच म्हणाला, "मुकादमाला इचारा. आदी टोळ्या कारखान्यावर न्यायचा, आता पोरं परदेशात धाडतो."

मुकादम चौकशीला आला तो हसतच. "मी पोरांचं भलंच करतो, साहेब. घरच्यांला येवढंच सांगतो, वळख देऊ नका. वळख न्हाई, तर परत धाडता येत न्हाई. ठिवून घ्यावंच लागतं."

"कोठडीत ठेवतात."

"खायला तर मिळतंय की!"

मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली.

बाईंना ठाण्यात बोलावून, दूतावासाच्या मदतीने व्हिडिओ कॉल जुळवला. पडद्यावर तरुण दिसला. "आई," तो म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. "मी न्हाई वळखत ह्याला."

"आई, मुकादमानं पढवलेलं सोड. मला घरी यायचंय. परत यायला मीच सही दिलीय." बोलता बोलता त्याला खोकल्याची उबळ आली.

बाईंना राहवेना. "नुसत्या बनेनवर बसलायस व्हय रं थंडीत? मफलर कुठंय तुजा?"

'सडू द्या' म्हणणारे हवालदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तो परत आला. त्याचे तिकीट, सोबतच्या दोन पहारेकऱ्यांचे जाण्यायेण्याचे तिकीट, डॉक्टर, दुभाषी, सगळा खर्च त्या सरकारने केला. विमानतळावर त्याला आपल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिले, सही झाली आणि करार संपला. तिथून पाथर्डीपर्यंत त्याने कसे जायचे, याची कोणालाच फिकीर नव्हती. हवालदार स्वतः रजा टाकून त्या माउलीबरोबर एसटीने गेले आणि त्याला घेऊन आले.

पोरगा ठाण्यात येऊन हात जोडून उभा राहिला. "मारलं असं मुकादमानं पाठ करून घेतलं हुतं, साहेब."

मुकादमावर गुन्हा दाखल केला. जामीन झाला. पुढच्या हंगामात तो पुन्हा गावातल्या ओट्यावर बसला होता, भोवती नवी पोरे. चीड येते ती याची. एक पोर परत आणायला दोन सरकारे करार करतात, इतका खर्च होतो आणि त्याला धाडणारा मोकळा राहतो.

त्या कराराची प्रत नंतर मी बारकाईने वाचली. विमान कोणाचे, पहारेकरी कोणाचे, खर्च कोणाचा, सारे त्यात होते. पोरगा कुणाचा, एवढे विचारणे मात्र माझ्या एका शेऱ्यावर सोडलेले होते. आणि 'ओळख पटत नाही' असा शेरा लिहायला मी पेन उघडले होते.