मथुराचं बी

मथुरा गेली त्याला दोन महिने झाले. आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ अमृत राजूरहून आला. आखितीला लावलेला वेल भरभरून धरतो, म्हणून दरसाल तो बहिणीकडनं भोपळ्याचं, दोडक्याचं बी न्यायचा. सासरी नांदणाऱ्या लेकीला, मोनिकालाही आईच्याच हातचं बी लागायचं.

छगनला बायकोची माया ठाऊक होती, तिच्या ठेवायच्या जागा कधी ठाऊक नव्हत्या. त्यानं मडकी धुंडाळली, पेटी उपसली, डब्यांवर चिडचिड केली. शेवटी त्यानं लेकीला फोन लावला.

"आवो आबा, आई बियाणं डब्यात कुठं ठेवायची? ओल्या गोवरीत दाबून गोठ्याच्या भितीला थापायची. किडत न्हाई त्यानं. आखितीपतुर हात लावू द्यायची न्हाई कुणाला."

छगन गोठ्यात गेला. भिंत उघडी होती, गोवऱ्यांचे नुसते गोल डाग राहिले होते. मथुराला नेलं त्या दिवशी सरणाला गोवऱ्या कमी पडल्या, तेव्हा देवाला शिव्या देत त्यानंच ही भिंत खरवडून काढली होती. चितेत मधेच काहीतरी तडतडलं होतं, अन् लोक म्हणाले होते, लाकूड ओलं हाय.

"गावलं का, दाजी?" दारातनं अमृतनं विचारलं.

छगननं त्या डागांवर हात ठेवला.

"तुमा सगळ्यांसाठी ठेवलं हुतं रं तिनं," तो म्हणाला, "म्या तिच्याच अंगावर रचून जाळलं."