मेहुण्याचा मोठा टर्बो

बसगाड्यांची जुनी इंजिनं खोलून नव्यासारखी करून देणाऱ्या कारखान्यात त्याला सगळे सायलेन्सर म्हणत. कामाला वाघ, पण तोंडात कायम मिठाची गुळणी. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे गलका करायचे आणि हा भिंतीकडे बघत घास चावत बसायचा. कुणीतरी कधीतरी गमतीने ते नाव ठेवलं आणि मग खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं.

घरी त्याला बोलायची गरजच पडत नसे, कारण बायको दोघांच्या वाटचं बोलून घ्यायची. प्रश्न तीच विचारायची, उत्तरही तीच द्यायची आणि वर म्हणायची, "बघ, तुलाही पटलं ना?" ती दवाखान्यात नर्स होती. वेळी-अवेळी ड्यूटी असायची, म्हणून तिने चार सिलिंडरची एक छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि ज्या दवाखान्यात ती इतरांच्या उशापायथ्याशी बसून सेवा करायची, तिथेच ती गेली. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. विकायला त्याचं मन होईना आणि चालवायला हात धजेना. घर नुसतं खायला उठायचं.

दर रविवारी यायचा तो एकटा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, विमा कंपनीत नोकरीला, बडबडीत बहिणीच्या वरताण. एका रविवारी त्याने शेडमधल्या गाडीवरचं कापड ओढून काढलं.

"भाऊजी, ही अशी कुजवायची नाही. इंजिन उतरवा. टर्बो टाकू या."

"टर्बो म्हणजे काय, माहितीय का तुला?"

"नाही. तुम्ही सांगा की!"

मग सायलेन्सरला सांगावं लागलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते.

"मग सरळ मोठा टाका!" मेहुणा म्हणाला.

"अरे, इंजिन केवढं, त्याचा श्वास केवढा? मोठं चाक फिरवायला एवढा धूर आणायचा कुठून? इंजिन बोंबलायला लागेपर्यंत ते हलायचंच नाही. लहान टर्बो लगेच जागा होतो."

"आणि वेगात गेल्यावर?"

"वेगात गेल्यावर त्याला दम लागतो. पण आपल्याला काय शर्यत लावायचीय?"

"का नाही लावायची? फार भित्रे बुवा तुम्ही!"

झालं, भांडण जुंपलं. त्या रविवारी मिटलं नाही, पुढच्याही नाही. मेहुणा उपड्या क्रेटवर बसून मोठ्याची बाजू लावून धरायचा आणि सायलेन्सर खडूने फरशीवर आलेख काढून त्याला समजवायचा: इंजिनाचे फेरे इतके झाले की हवा इतकी लागणार, मोठ्या टर्बोचं खरं काम सुरू होतं ते इथे, म्हणजे आपण रोज जिथे गाडी चालवतो त्याच्या किती पुढे, बघ. मेहुणा मान डोलवायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सायलेन्सरच्या नाकी नऊ यायचे. पण आठवडाभर क्रँक घासताना, व्हॉल्व्ह बसवताना तो मनातल्या मनात नवे मुद्दे जुळवत असायचा. त्या वादावादीतच इंजिन उतरलं, नवे पिस्टन बसले, हेड साफ झालं. टर्बो तेवढा ठरेना.

तेवढ्यात मेहुण्याची बदली झाली. पार दुसऱ्या टोकाच्या शहरात, बायको-मुलांसकट. निघताना टॅक्सीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "मोठाच हं, भाऊजी!"

त्यानंतरचे रविवार कसे गेले ते सायलेन्सरलाच ठाऊक. तो शेडमध्ये जायचा, खडू हातात घ्यायचा, फरशीवर दोन रेषा ओढायचा आणि थांबायचा. समोर कुणी नाही तर समजवायचं कुणाला? एकदा तो बोलायला लागला, आपलाच आवाज पत्र्यावर आपटून परत आलेला ऐकला आणि ओशाळून गप्प झाला.

आणि एक दिवस त्याने मोठा टर्बो आणला. आपला हिशेब बरोबर आहे याबद्दल त्याला तसूभरही शंका नव्हती. पण आपलं खरं करून दाखवायचं तरी कुणाला? निदान मेहुण्याचा शब्द तरी या शेडमध्ये राहू दे, असं त्याला वाटलं. त्याने टर्बो बसवला, इंजिन पुन्हा गाडीत चढवलं, तेलाची नळी जोडली, पेट्रोलचं प्रमाण लावून घेतलं आणि गाडी गावाबाहेरच्या चढाच्या रस्त्यावर काढली.

पुढे एक ट्रक रखडत चालला होता. त्याला ओलांडायला सायलेन्सरने गाडी बाहेर घेतली आणि पाय दाबला. काहीच नाही. गाडी गोगलगायीसारखी ट्रकच्या बाजूला लटकून राहिली आणि समोरून टेम्पो आला. मग अचानक कुणीतरी पाठीत लाथ घालावी तसा टर्बो जागा झाला, चाकं किंचाळली, स्टिअरिंग हातातून निसटू पाहू लागलं. टेम्पोवाल्याच्या शिव्या कानावर पडल्या तेव्हा कुठे आपण जिवंत आहोत हे त्याला कळलं.

त्याने गाडी कडेला घेतली आणि मेहुण्याला फोन लावला.

"तुझा मोठा टर्बो टाकला. मेलो असतो आज."

"काय?" मेहुणा हादरलाच. "भाऊजी, खरंच टाकलात? अहो, मला त्यातलं काय कळतंय!"

"मग एवढं भांडत होतास कशाला?"

मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तेवढंच बोलत होता, भाऊजी. ताई गेल्यापासून दुसऱ्या कशावरच बोलत नव्हता. मी हो म्हणालो असतो तर संपलंच असतं ना."

तिकडे कुठलं तरी पोर रडायला लागलं आणि फोन ठेवावा लागला.

पुढचे कित्येक दिवस त्याने मोठा टर्बो उतरवून लहान बसवण्यात घालवले. टर्बो इंजिनाला जोडणारा पत्रा नवा कापावा लागला, नळ्या पुन्हा वाकवाव्या लागल्या. काम करता करता एक गोष्ट त्याच्या मनात रुतून बसली. आपली बायको गेली तशी मेहुण्याची बहीणही गेली होती. इतके रविवार तो समोर बसला आणि आपण त्याला आलेख सोडून काही दाखवलं नाही, काही विचारलंही नाही.

गाडी तयार झाली तेव्हा त्याने स्वतःहून फोन केला. "लहान बसवला. पाय ठेवला की उचलते. मस्त चालते."

"वा! म्हणजे तुमचंच खरं!"

"ते राहू दे. तू कसा आहेस?"

जन्मभर बडबड केलेला तो माणूस एकदम गप्प झाला. बऱ्याच वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. "बरा आहे," तो म्हणाला. "ठेवू?"

त्यानंतर त्यांचे फोन होत, पण कधीमधी. तिकडे मुलांच्या परीक्षा, इकडे कारखाना. सायलेन्सर आता कामावर तीच गाडी घेऊन जातो. टर्बोची गाडी पळवून आणली की लगेच बंद करायची नसते, आतलं तेल निवेपर्यंत थोडा वेळ नुसती चालू ठेवायची असते. संध्याकाळी घरासमोर आल्यावर तो तसाच आत बसून राहतो. घरात दिवा लावायला कुणी नसतं. तेल केव्हाच निवलेलं असतं, पण इंजिनाचा बारीक आवाज चालू असतो, आणि किल्ली फिरवायला त्याचा हात लवकर उचलत नाही.