लघुग्रहाचे पाच मार्गदर्शक

हुमनाबादच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मृत्युंजय सरांचे एकोणीस शोधनिबंध परदेशी मासिकांत छापून आलेत, हे त्यांच्या बायकोशिवाय गावात कुणाला माहीत नव्हतं, आणि बायकोलाही त्याचं फारसं काही नव्हतं. एकेका निबंधावर पन्नास-साठ नावं. त्या गर्दीत सर सापडायला त्यांचीच दुर्बीण लावावी लागायची. बढतीला मात्र एक तरी निबंध असा हवा होता, ज्यावर त्यांचं नाव पहिलं. पंधरा वर्षं माणूस त्यासाठी झुरत होता.

शेवटी योग आला. एक लघुग्रह एका ताऱ्यापुढून सरकणार आणि तारा काही सेकंद विझणार, तेही नेमकं आपल्याच भागातून दिसणार. एका गावातून बघितलं तर लघुग्रहाची नुसती एक रेघ हाती लागते. दोन गावांतून बघितलं तर आकाराचा अंदाज येतो. सर कॉलेजच्या गच्चीवर बसले. दुसरी दुर्बीण अफजलपूरला, थोरली बहीण चंद्रम्मा हिच्या उसाच्या बांधावर. अक्का सातवी शिकलेली, पण भावानं दाखवलेलं बटण न बटण तिला पाठ. इथं तारा नऊ सेकंद विझला, तिथं सहा. स्पेनमधल्या सहकारी बाईंनी गणित तपासून कळवलं, निबंध तुम्हीच लिहा, पहिलं नाव तुमचंच.

आता शहाणा माणूस गप लिहून धाडून देईल. पण आमचे सर पडले सरळ. पेढे घेऊन प्राचार्य अमृतप्पांकडं गेले.

"आमचं नाव कुठं टाकलास?" पेढा तोंडात ठेवत अमृतप्पांनी विचारलं.

लग्नाच्या कार्डात काकाचं नाव राहिलं की काका अक्षतेला येत नाही, हे सरांना ठाऊक. त्यांनी तोच कायदा विज्ञानाला लावला. प्राचार्य आले, मग संस्थेचे अध्यक्ष, सचिव, विभागप्रमुख आणि अध्यक्षांचे जावई, जे कॉलेजात कामालाही नव्हते. बरं, वडीलधाऱ्यांना खाली कसं छापणार? सर स्वतः सहाव्या नंबरावर गेले.

"पहिलं-सहावं कोन बघतंय? बढतीची फाईल माझ्याच सहीनं जातीय न्हवं," अमृतप्पा म्हणाले.

आणि अक्काचं नाव? ती काय, घरचीच. शिवाय तिनं मागितलंही नव्हतं.

स्पेनच्या बाईला कार्डाची रीत कोण सांगणार? तिनं साधं पत्र धाडलं, प्रत्येकानं आपण काय केलं ते एका ओळीत लिहून सही करावी. पाचही थोरांनी एकच शब्द लिहिला, मार्गदर्शन. बाईनं विचारलं, मार्गदर्शन कुणाला, लघुग्रहाला? आणि अफजलपूरला बघणारं माणूस कोण? त्याची सही नसेल तर ती सहा सेकंदं धरता येणार नाहीत, आणि ती नसतील तर निबंधही नाही.

झालं, सर अफजलपूरच्या बसमध्ये बसले.

चंद्रम्मा ओट्यावर तूर निवडत होती. सरांनी सगळी नावं वाचून दाखवली.

"ह्यातल्या कुनी तारा बघितलाय?"

"न्हाई."

"मंग मी कुठं हाय?"

"आता घालायलोय की, अक्का. तुझी सही लागतीय."

"आता घालायलास. पैले कामून न्हाई घातलास?"

हजार पोरांपुढं बोलणारा माणूस, पण तिच्यापुढं खोटं बोलायला जीभ वळेना. त्यांना मनापासून लाज वाटली.

"तू मागणार न्हाईस, म्हणून," ते म्हणाले.

चंद्रम्मानं तूर बाजूला सारली. तिनं सही केली आणि काय केलं त्या रकान्यात कन्नडमध्ये सावकाश लिहिलं, 'वाऱ्यानं दुर्बीण हलत होती, म्हणून दोन तास वाकळ आडवी धरून उभी राहिले. तारा सहा सेकंद गेला.'

त्या रात्री तिथं वारा होता, हे सरांना चार महिन्यांनी कळत होतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

तिथंच ओट्यावर बसून त्यांनी पाच नावं खोडली आणि अक्काचं नाव आपल्या नावाच्या वर, पहिलं लिहिलं. निबंध तसाच छापून आला. बढतीची फाईल अमृतप्पांच्या टेबलावर जिथं होती, तिथंच आहे.